ताटाच्या डाव्या बाजूला, वाटाण्याएवढं

दिवाळे गावात खाण्यापिण्याच्या जिनसांना तोटा नाही. पनवेल खाडीच्या तोंडाशी वसलेलं हे कोळ्यांचं गाव आता सीबीडी बेलापूरच्या इमारतींनी वेढलं आहे. तरी बाजारात बोंबील, मांदेली, कोळंबी, चिंबोऱ्या येतातच. वाशीचा घाऊक भाजीबाजार जवळ आहे आणि पावसाळ्यात रानभाज्यांचे वाटेही दिसतात. इतकं सगळं हाताशी असताना घरोघरी तक्रार मात्र एकच ऐकू येते: ‘आमचं पोर काहीच खात नाही.’

नीट विचारलं, तर या ‘काहीच’चे दोन प्रकार निघतात. गावठाणातल्या घरात मूल माशाची तळलेली तुकडी आणि भात खातं, पण भाजीला हात लावत नाही. पलीकडच्या सोसायटीत वरण-भात, पोळी आणि बटाटा चालतो, पण मासळी शिजताना नाक दाबलं जातं. दोन्ही घरांतल्या आई-बाबांना पडणारे प्रश्न सारखेच आहेत. किती वेळा द्यायचं? नाही खाल्लं तर उपाशी ठेवायचं का? मोबाइल दाखवून भरवलं तर काय बिघडलं? भूक वाढवणारं टॉनिक द्यावं का? या प्रश्नांना बऱ्यापैकी ठाम उत्तरं आहेत, कारण मुलांच्या खाण्यावर जगभर गेली चाळीस वर्षं बारकाईने काम झालं आहे. आणि ती उत्तरं आपल्या स्वयंपाकघरात सहज बसतात.

आधी तपासा: खात नाही, की तुमच्या अंदाजाइतकं खात नाही?

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. पुढे हा वेग एकदम मंदावतो. दोन ते पाच या वयात वर्षाला सुमारे दोन किलो वजन वाढलं तरी ते ठीक असतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. त्यामुळे दीड वर्षापर्यंत वाटीभर खाणारं मूल अडीचव्या वर्षी चार घासांत उठतं, आणि घरात धास्ती पसरते. त्यातच दोन ते सहा या वयात अनोळखी पदार्थाबद्दलची नावड सर्वात तीव्र असते. कालपर्यंत खाल्लेली भेंडीसुद्धा आज ‘नको’ होते. हे वयाचं लक्षण आहे. बहुतेक मुलांमध्ये ते हळूहळू ओसरतं, पण घरात रोज भांडण झालं तर लांबतं.

म्हणून नवा पदार्थ आणण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. मुलाच्या पोटात दिवसभरात गेलेलं सगळं लिहा, चाटलेलं चॉकलेटसुद्धा. वही वाचताना पुढच्या गोष्टी शोधा.

- दूध. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटरपर्यंत दूध पुरतं. त्याहून जास्त दूध, तेही बाटलीतून, पीत असेल तर जेवणाला पोटात जागाच उरत नाही. शिवाय दुधात लोह अगदी कमी असतं.
- चहा-बिस्कीट. सकाळी चहात बुडवलेली दोन बिस्किटं अनेक घरांत अजूनही नाश्ता समजली जातात. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लहान मुलाला चहा देऊच नये.
- छोटी पाकिटं. पाच-दहा रुपयांचे वेफर, कुरकुरीत नळ्या, फ्रुटी. जेवणाआधी तासभर एक पाकीट पोटात गेलं की जेवण गेलंच म्हणून समजा.
- पोट, दात. रोज शौचाला न होणारं, कुंथणारं मूल जेवत नाही. किडका दात दुखत असेल तर चावायचं टाळतं.

लोहाची कमतरता असेल तर भूकच मरते, मग मूल कमी खातं आणि कमतरता आणखी वाढते. महाराष्ट्रात ही साधी गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. तुमचं मूल फिकट, सुस्त दिसत असेल, माती किंवा खडू खात असेल, तर आधी रक्त तपासून घ्या. असं मूल नखरे करत नाही, ते आजारी आहे. भूक वाढवण्याचं टॉनिक मात्र औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नका. त्यातल्या काही औषधांनी गुंगी येते आणि मूळ कारण झाकलं जातं.

कामाची वाटणी

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८०च्या दशकात मांडलेला एक नियम आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. काय वाढायचं, कधी आणि कुठे वाढायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं काय खायचं, किती खायचं, की खायचंच नाही, हे मुलाने ठरवायचं. आपण बहुतेक घरांत नेमकं उलट करतो. ‘आज काय खाणार?’ असं तीन वर्षांच्या मुलाला विचारतो आणि पोट भरलं की नाही हे मात्र आपण ठरवतो.

हा नियम पाळायचा तर घराला शिस्त लागते. दिवसाला तीन जेवणं आणि दोन वेळा मधलं खाणं, दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, आणि त्या अंतरात फक्त पाणी. जेवण वीस-पंचवीस मिनिटांत आटपायचं. नाही खाल्लं तर ताट शांतपणे उचलायचं. ‘उपाशी ठेवायचं का?’ या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. उपाशी ठेवायचं नाही, कारण पुढचं खाणं तीन तासांवर आहेच. पण पानावरून उठलेल्या मुलाला दहा मिनिटांनी दुधाचा पेला किंवा मॅगी द्यायची नाही.

वजनाने कमी असलेल्या, नुकत्याच आजारातून उठलेल्या किंवा मधुमेह असलेल्या मुलाच्या बाबतीत हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आणखी एक अट आहे. प्रत्येक जेवणात मुलाला नक्की आवडणारा एक तरी पदार्थ पानात असलाच पाहिजे, मग तो साधा भात का असेना. सगळंच अनोळखी वाढून ‘हेच आहे, खायचं तर खा’ म्हटलं, की मूल पानावर बसायलाच घाबरतं.

डाव्या बाजूची जागा

मराठी ताटात डावी बाजू आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. तिथलं थोडंथोडंच वाढतात, आणि तिथलं सगळं संपवलंच पाहिजे असा आग्रह नसतो. नव्या पदार्थाला याहून चांगली जागा नाही. उजवीकडे नेहमीचं जेवण, डावीकडे नवा पदार्थ, वाटाण्याएवढा. तो खाल्ला नाही तरी जेवणात काही कमी पडत नाही, त्यामुळे मुलालाही दडपण येत नाही.

किती वेळा? अमेरिकेत लीॲन बर्च या संशोधक महिलेने १९८२मध्ये दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी चीज आणि फळं वेगवेगळ्या संख्येने चाखायला दिली. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो जास्त आवडू लागला. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतून साधारण आठ ते पंधरा वेळा हा आकडा पुढे आला. याउलट, अमेरिकेतल्याच हजारो कुटुंबांच्या २००४च्या एका पाहणीत दिसलं की बहुतेक आई-वडील तीन ते पाच वेळा देऊन ‘याला हे आवडत नाही’ असा निकाल देतात. म्हणजे आपण अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जेन वॉर्डल आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये हेच घरच्या घरी करून पाहिलं. दोन ते सहा वर्षांच्या मुलांना आई-वडिलांनी चौदा दिवस रोज एका नावडत्या भाजीची चव दिली. पंधरवड्याअखेरीस ती भाजी आवडीने खाणं वाढलं होतं.

बर्च यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नुसतं पाहून चव आवडू लागत नाही, जिभेला ती लागावी लागते. पण पहिल्याच दिवशी जिभेपर्यंत जायची घाई नको. क्रम असा ठेवा:

१. एका वेळी एकच पदार्थ निवडा. गाजर, दुधी, मेथी असं सगळं एकदम नको. पंधरा दिवस एकच.
२. पहिले दोन-तीन दिवस नुसता पानात. बोलायचं नाही. ‘बघ, आज काय आहे!’ हेसुद्धा नको.
३. मग हात लावणं, वास घेणं, ओठाला लावणं. ‘चाटून पाहायचंय का?’ एकदा विचारा. ‘नको’ म्हणालं तर ‘बरं’ म्हणा आणि आपलं जेवा.
४. थुंकायची मुभा द्या. कागदाचा रुमाल शेजारी ठेवा. चावून थुंकलेला घाससुद्धा मोजायचा. परत बाहेर काढता येतं हे कळलं की मूल तोंडात घालायला तयार होतं.
५. मोठ्यांनी तोच पदार्थ त्याच पंगतीत खावा. बाबांच्या पानात भाजी नाही आणि मुलाच्या पानात आहे, हे मुलाच्या लगेच लक्षात येतं.
६. पंधरा वेळा झालं आणि तरीही नको? सोडून द्या. दोन-तीन महिन्यांनी वेगळ्या रूपात परत आणा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात टिंब करा. नाहीतर ‘किती वेळा दिलं’ याचा अंदाज हमखास चुकतो. चार वेळा दिलेलं चाळीस वेळा दिल्यासारखं वाटतं.

मासळी खाणाऱ्या घरातून भाजीकडे

तळलेल्या तुकडीवर वाढलेल्या मुलाला एकदम पातळ पालेभाजी देऊ नका. त्याच्या जिभेला ओळखीचं काय आहे ते पाहा: तांदळाच्या पिठाचं किंवा रव्याचं कुरकुरीत आवरण, हळद, मसाला, आगळाची आंबट चव. हे सगळं तसंच ठेवून आतली वस्तू तेवढी बदला. कच्च्या केळ्याचे, सुरणाचे, वांग्याचे काप आपल्याकडे मासळीसारखेच करतात. त्याच तव्यावर, त्याच मसाल्यात, तुकडीच्याच आकाराचा एक काप डाव्या बाजूला ठेवा. तो पचनी पडला की आवरण पातळ करा, मग नुसत्या तेलावर परता, मग तोच सुरण रश्शात घाला. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची.

आगरी-कोळी स्वयंपाकात दुसरी वाट आधीपासूनच आहे. दुधीत जवळा, वांग्यात सुकट, शेवग्याच्या शेंगांत कोळंबी, भेंडीत करंदी. ओळखीच्या चवीचा हात धरून नवी भाजी इथे रोज ताटात येते. सुरुवातीला कोळंबी जास्त आणि शेंगा दोनच, मग हळूहळू शेंगा वाढवत न्यायच्या. सुकटीत आणि जवळ्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर असतं. मात्र सुक्या मासळीत मीठही भरपूर असतं. म्हणून ती धुऊन, भिजवून घ्या, वरून मीठ घालताना हात आखडता घ्या, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका.

हे सगळं पावसाळ्याआधीच सुरू केलेलं बरं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते, आणि त्याच्या मागेपुढे श्रावणही येतो. पापलेट, सुरमई महाग होते किंवा मिळतच नाही. फक्त तळलेली मासळी खाणाऱ्या मुलाचं या दिवसांत जेवण तुटतं आणि घर मॅगीवर येतं. त्यापेक्षा मे महिन्यातच कापांपासून सुरुवात करा. जुलैपर्यंत दोन-तीन भाज्या बसलेल्या असतील.

कडधान्यांत या भागाचं खरं धन म्हणजे वाल. मुलाला पानावर बसवण्याआधी वाल सोलायला बसवा. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घातले की साल सुटते. दाणा चिमटीत धरून टोकाशी हलकेच दाबला, की आतली पांढरट डाळिंबी टुणकन बाहेर उडते, आणि फिकट साल बोटांत राहते. तीन वर्षांचं मूल या कामात अर्धा तास रमतं. बोटं बुळबुळीत होतात, वालाचा उग्र वास हाताला लागतो. वालाचं बिरडं पानात येईपर्यंत वास, स्पर्श, रंग सगळं ओळखीचं झालेलं असतं. मटार सोलणं, मेथी निवडणं, सुकटीची डोकी काढणं ही कामंही अशीच. मुलांना स्वयंपाकघरातून हाकलू नका.

भाजी खाणाऱ्या घरातून मासळीकडे

इथे अडचण बहुतेक वासाची असते. म्हणून सुरुवात कमी वासाच्या आणि कमी काट्याच्या मासळीने करा. सोललेली कोळंबी सर्वात सोपी, कारण तिला काटाच नाही. लहान लहान तुकडे करून ती आधी पुलावात किंवा घावनात घाला. दुसरा क्रम बोंबलाचा. ओला बोंबील चिरून, पसरून, वजनाखाली दाबून त्यातलं पाणी काढतात. मग रव्यात घोळवून तळला की तो बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा होतो. मधला काटा मऊ असतो, तरी लहान मुलासाठी तो काढूनच टाका. खाडीतला जिताडा मिळाला तर उत्तमच: मोठा काटा, घट्ट मांस, वास कमी. मांदेली चवीला छान, पण लहान मुलाला कणा काढून द्या.

काटा नाही म्हणून मुशी देण्याचा मोह होतो. तो टाळा. मुशी म्हणजे शार्क. मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठत जातो, आणि तो वाढत्या मेंदूला घातक असतो. मोठ्या सुरमईच्या बाबतीतही रोजची सवय नको. मांदेली, बोंबील, बांगडा, कोळंबी ही छोटी मासळी स्वस्त असते आणि मुलांसाठी चांगलीही.

घर शाकाहारी असेल, किंवा घरातल्या एकाच बाजूला मासळी चालत असेल, तर मुलासमोर ‘ई, वास’ म्हणायचं नाही, एवढी एक गोष्ट दोन्ही बाजूंनी पाळावी. मासळी न खाताही मूल उत्तम वाढतं. डाळी, कडधान्यं, दूध-दही, शेंगदाणे, तीळ, नाचणी यांवर ते निभावून जाईल. शाकाहारात मिळणं अवघड असलेल्या बी-१२ जीवनसत्त्वाबद्दल तेवढं डॉक्टरांशी बोलून घ्या.

काटा आणि ॲलर्जी

मासळी देताना प्रत्येक घास आधी स्वतःच्या बोटांनी कुस्करून पाहा. डोळ्यांना न दिसणारा काटा बोटांना लागतो. घशात काटा अडकलाच, तर कोरड्या भाताचा गोळा किंवा केळं गिळायला लावू नका. त्याने काटा आणखी खोल रुततो. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या. अख्खे शेंगदाणे, चणे, द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नका. शेंगदाण्याचं कूट चालेल, द्राक्षं उभी चिरून द्या.

कोळंबी, चिंबोरी, शिंपल्या प्रथम देताना थोड्या, दिवसा, आणि त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ न देता द्या. अंगावर गांध्या, ओठ सुजणं, वारंवार उलट्या, श्वास लागणं, यांतलं काही दिसलं तर ताबडतोब रुग्णालय गाठा, रुग्णवाहिकेसाठी १०८. आणि अशा मुलाने पुढे कोळंबी नको म्हटलं तर आग्रह नाहीच. तोंडात खाज सुटते हे लहान मुलाला सांगता येत नाही, ते फक्त ‘नको’ म्हणतं.

या गोष्टी उलटतात

- जबरदस्ती. अमेरिकेत २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवाडीच्या मुलांना सूप पिताना ‘संपव, संपव’ म्हटलं गेलं. ज्यांच्यामागे कोणी लागलं नव्हतं ती मुलं जास्त सूप प्यायली, आणि मागे लागलेल्या मुलांनी सुपाला नावं ठेवली. नाक दाबून घास कोंबणं तर धोक्याचंच; घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.
- लाच. ‘भाजी संपवली तर आइस्क्रीम.’ यातून मूल शिकतं की भाजी ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस. चव घेतल्याबद्दल वहीत चांदणी चिकटवणं मात्र चालतं. ब्रिटनमधल्या अभ्यासांत त्याचा उपयोगच झाला. बक्षीस खाण्याचं नसावं आणि ते ‘संपवण्या’साठी नसावं, चाखण्यासाठी असावं.
- मोबाइल. पडद्याकडे पाहत मूल जास्त घास गिळतं, हे खरं. पण काय खाल्लं हे त्याला कळत नाही, पोट भरल्याचंही कळत नाही. नवी चव ओळखीची होण्याचं कामच थांबतं. सवय असेल तर एकदम न तोडता आधी नाश्त्याला बंद करा, आठवड्याने दुपारी, मग रात्री.
- चोरून घालणं. पालक वाटून पराठ्यात, गाजर किसून थालिपिठात जरूर घाला, पोषणासाठी ते चांगलंच. पण मूल विचारेल तेव्हा खोटं सांगू नका. फसवलं गेलंय असं कळलं, तर ते पराठाही सोडतं. आणि चोरून खाल्लेला पालक कधीच ‘ओळखीचा’ होत नाही, म्हणून उघड पालक डाव्या बाजूला चालूच ठेवा.
- शिक्का. ‘आमची फार चूझी आहे’ हे मुलीच्या देखत पाहुण्यांना सांगणं बंद करा. ‘अजून शिकतेय’ म्हणा.

आजी, पाहुणे, डबा

दुपारी मूल आजीकडे असतं, आणि आजीला उपाशी नातवंड बघवत नाही. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा तिला काम द्या. कॅलेंडरवर टिंब करण्याची जबाबदारी तिच्याकडे द्या, आणि मधल्या खाण्यात तिच्या हातची नाचणीची भाकरी, गूळ-शेंगदाण्याचं कूट, उकडलेलं रताळं असू द्या. काऊ-चिऊचे घास दोन वर्षांपर्यंत ठीक, पण पुढे मुलाला स्वतःच्या हाताने जेवू द्या, सांडेल, तरीही.

डब्यात नवा पदार्थ पहिल्यांदा कधीच देऊ नका. शाळेत वीस मिनिटं असतात, तिथे मूल एकटं असतं, आणि डबा परत आला की घरी ओरडा बसतो. घरी निदान पाच-सहा वेळा चाखलेलाच पदार्थ डब्यात जाऊ द्या. ‘डबा संपवल्याशिवाय उठायचं नाही’ असा नियम पाळणाघरात किंवा शाळेत असेल, तर शिक्षकांना भेटून स्पष्ट सांगा की आमच्या मुलाला जबरदस्ती नको.

आठ-दहा वर्षांच्या मुलांचं वेगळं. त्यांना बाजारात न्या, पन्नास रुपये द्या आणि घरात कधी न आलेली एक भाजी निवडायला सांगा. ‘कधीच खाणार नाही’ अशा तीन पदार्थांची यादी करायचा हक्कही त्यांना द्या. आपल्यालाही कारलं किंवा सुकट आवडत नसते, आणि आपल्याला कोणी विचारत नाही.

हे तुमचे हक्क आहेत

अंगणवाडीचा आहार म्हणजे दान नव्हे. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या प्रत्येक मुलाला तो मिळाला पाहिजे. कायदा झाला तेव्हा दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं त्याचं प्रमाण ठरलं होतं, आणि नोंदणीसाठी रेशनकार्डाचा रंग पाहिला जात नाही. तीन वर्षांवरच्या मुलाचा आहार घरी न्यायला मागू नका, त्याला अंगणवाडीत पाठवा. इतर मुलं खिचडी किंवा उसळ खाताना पाहून घरी हट्ट करणारं मूल तिथे दोन घास खातं.

महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत शालेय पोषण आहार आहे. पाचवीपर्यंत ४५० किलोकॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं आणि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवी ७०० किलोकॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं आणि ७५ ग्रॅम भाजी. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. भाजी दिसत नसेल तर तिथे विचारा. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकायला २०२०च्या अन्न सुरक्षा नियमांनी बंदी आहे, हेही तिथेच मांडता येईल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतं. पुढचे उपचार मोफत असतात. आशाताईंकडून सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध मिळतं, आणि वर्षावरच्या मुलाला फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी मिळते. हे चुकवू नका.

थांबू नका, डॉक्टरांकडे जा

पुढचं काहीही दिसत असेल तर ‘मोठं झालं की खाईल’ म्हणत बसू नका:

- सलग दोन-तीन महिने वजन वाढलं नाही किंवा घटलं;
- दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरपेक्षा कमी (सहा महिने ते पाच वर्षं), ११.५ च्या खाली असेल तर त्याच दिवशी;
- खाण्यातले पदार्थ वाढण्याऐवजी एकेक गळत चाललेत, किंवा सगळे मिळून वीसच्या आत आले;
- घट्ट पदार्थ पाहूनच उबळ येते, गिळताना ठसका लागतो, वरचेवर उलटी होते;
- एका ठरावीक रंगाचं, एका ठरावीक कंपनीचंच खाणं चालतं, आणि त्याबरोबर बोलणं उशिरा आहे किंवा नजर मिळत नाही.

शेवटची दोन लक्षणं असतील तर मूल हट्टी नाही. स्वमग्नता असलेल्या अनेक मुलांच्या जिभेला आणि हाताला काही पोत सहन होत नाहीत. २०१३पासून वैद्यकीय वर्गीकरणात खाणं टाळण्याचा एक स्वतंत्र विकारही मान्य झाला आहे. त्यावर बालरोगतज्ज्ञ, वाचा-गिळण उपचारतज्ज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ मिळून काम करतात. घरच्या पंधरा टिंबांनी ते भागत नाही.

जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि आठवड्याची ती वही न्या. वजन तिथेच करून कार्डावरच्या आलेखात टिंब लावून घ्या आणि मागच्या टिंबाशी जोडून पाहायला सांगा. आलेख न पाहताच कोणी ‘काही नाही, नखरे आहेत’ म्हणालं, तर नम्रपणे पण ठामपणे पुन्हा कार्ड पुढे करा. तो आलेख पाहून घेणं हा तुमच्या मुलाचा हक्क आहे.